मालट्रकवर ड्रायव्हरची पहिली नोकरी: लायसन्सपासून पहिल्या हिशोबापर्यंत

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून मी बरीच वर्षं ड्रायव्हर घेतले. जे परत पाठवले त्यातल्या बहुतेकांना गाडी चालवता येत होती. अडलं ते भलतीकडेच. कुणाच्या लायसन्सवर ट्रान्सपोर्टची नोंद नव्हती, कुणाचं आधारवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव जुळत नव्हतं. आणि ज्यांना ठेवून घेतलं, त्यांच्यातलेही कित्येक महिन्याभरात भांडून गेले. त्यांचा पगार ठरला होता, हिशोब ठरला नव्हता.

हा लेख महाराष्ट्रात मालवाहू गाडीवर पहिल्यांदा काम शोधणाऱ्यासाठी आहे. टप्पे दिलेत त्याच क्रमाने घ्या. आधी मालक शोधायचा आणि मग लायसन्ससाठी धावायचं, यात वेळ जातो आणि पैसेही.

१. लायसन्स नक्की कुठवर आलंय ते पाहा

ट्रान्सपोर्ट गाडीसाठी, म्हणजे माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या गाडीसाठी, वय २० पूर्ण लागतं. त्याआधी हलक्या मोटारीचं पक्कं लायसन्स घेऊन किमान १ वर्ष झालेलं असावं लागतं. बरेच जण नेमके इथेच फसतात. मोटरसायकलचं लायसन्स पाच वर्षांपूर्वी काढलेलं असतं, पण मोटारीचं काढलेलंच नसतं. मग सगळं पहिल्यापासून.

वर्ष झालं की क्रम असा: परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर ट्रान्सपोर्टच्या शिकाऊ लायसन्सचा अर्ज, डॉक्टरने भरलेला नमुना १-अ, शिकाऊ लायसन्स, ड्रायव्हिंग स्कूलमधलं प्रशिक्षण आणि त्यांचं नमुना ५ चं प्रमाणपत्र, मग आरटीओची चाचणी. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं, आणि पक्क्याची चाचणी ते मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर देता येते. पक्कं ट्रान्सपोर्ट लायसन्स ५ वर्षांसाठी मिळतं. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये निघाली, तेव्हा शाळा सुटली म्हणून मागे राहू नका.

डॉक्टरकडे जाण्याआधी घरीच एक तपासणी करून घ्या. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का? चष्मा असेल तर चष्म्यासह चालतं. लाल-हिरव्यात गोंधळ होतो का, रात्री कमी दिसतं का, हेही प्रामाणिकपणे पाहा. सही-शिक्क्यापुरता डॉक्टर गाठून यातलं काही लपवलंत, तरी घाटात समोरून येणारा लाइट ते उघडं पाडतोच.

तीन गैरसमज इथेच मिटवतो.

मालट्रकला बॅज लागत नाही. बॅज प्रवासी गाडीसाठी असतो. एजंट त्याचे वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.

हलक्या मोटारीच्या लायसन्सवर ७,५०० किलो एकूण वजनापर्यंतची मालवाहू गाडी चालते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. ही मर्यादा गाडी आणि माल मिळून असलेल्या वजनाची आहे, आणि ते वजन आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, लिहिलेलं असतं. म्हणजे छोटा हत्ती किंवा पिकअप चालेल, पण त्याहून जड ट्रकला ट्रान्सपोर्टची नोंद हवीच.

पेट्रोल, गॅस, रसायनांच्या टँकरला एवढ्यावर भागत नाही. धोकादायक मालासाठी मान्यताप्राप्त संस्थेतलं ३ दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर वेगळी नोंद लागते. एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजी लिहिता-वाचता येणंही नियमात आहे, कारण मालाबरोबरच्या सूचना वाचायच्या असतात.

*थांबा:* "परराज्यातून आठ दिवसांत हेवी करून देतो" म्हणणारा एजंट भेटेल. असं लायसन्स घेतलेला माणूस ऑफिसात आला की आम्ही पहिलं काम म्हणजे नंबर सारथीवर टाकून बघायचो. नोंद सापडली नाही की बोलणं तिथेच संपायचं. तुम्हीही स्वतःचं लायसन्स पोर्टलवर उघडून पाहा: नाव, जन्मतारीख, गाडीचा वर्ग आणि ट्रान्सपोर्टची मुदत. ट्रान्सपोर्टची मुदत वेगळी छापलेली असते. लोक मोटारीची मोठी तारीख वाचून निर्धास्त राहतात.

२. हात बसवा, पण कायद्यात राहून

स्कूलमध्ये चाचणीपुरतं शिकवतात. रिकाम्या मैदानात आठ काढता आला म्हणजे भरलेली गाडी चालवता आली असं होत नाही. पुण्यात भोसरीला आयडीटीआर ही ड्रायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. तिथे किंवा सरकारमान्य चालक प्रशिक्षण केंद्रात जागा मिळत असेल तर थोडे जास्त पैसे आणि दिवस गेले तरी ते करा.

दुसरा रस्ता जुना आहे: क्लिनर म्हणून चढायचं आणि उस्तादाकडून, म्हणजे गाडीच्या मुरलेल्या ड्रायव्हरकडून शिकायचं. मला तो आजही चांगला वाटतो. ताडपत्री कशी ओढायची, रस्सीची गाठ कुठे घ्यायची, वजनकाट्यावर गाडी कशी उभी करायची, गोडाऊनवाल्याशी कसं बोलायचं, हे कुठल्याच स्कूलमध्ये मिळत नाही. मात्र रात्री हायवेवर उस्ताद झोपला आणि बिनलायसन्सचा क्लिनर चालवतोय, हा प्रकार बंद. पकडलं तर तुम्हाला ५,००० रुपये दंड आणि गाडी देणाऱ्यालाही वेगळा. अपघात झाला तर विम्याचा घोळ होऊन मालकाचा दावा तुमच्या गळ्यात येतो. शिकाऊ लायसन्स हातात, 'एल'ची पाटी लावलेली आणि पक्क्या लायसन्सचा माणूस जागा राहून शेजारी बसलेला, तरच स्टिअरिंगला हात लावा.

३. फाइल तयार करा

एक साधी प्लास्टिकची फाइल घ्या. त्यात लायसन्स, आधार आणि पॅनच्या झेरॉक्स, बँक पासबुकाचं पहिलं पान, सहा फोटो, पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, आणि पूर्वी क्लिनर किंवा ड्रायव्हर म्हणून काम केलं असेल त्या मालकाचं दोन ओळींचं पत्र ठेवा. पत्र नसेल तर त्यांना आधी विचारून त्यांचा नंबर. पडताळणीला दिवस लागतात, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी करा. मोठ्या कंपन्यांचं काम धरणारे ट्रान्सपोर्टवाले त्याशिवाय गेटपास काढत नाहीत.

लायसन्स आणि आधारवरच्या नावात एका अक्षराचा फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करा.

आणखी दोन छोटी कामं. असंघटित कामगार म्हणून ई-श्रमवर नोंदणी, आणि बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघाती विमा मिळतो. खात्यात तेवढी शिल्लक ठेवा, नाहीतर हप्ता कापला जात नाही आणि विमा गुपचूप बंद पडतो.

*थांबा:* मूळ लायसन्स कुणाच्याही टेबलाच्या खणात ठेवू नका. "नोकरी सोडेपर्यंत आमच्याकडे राहू दे" म्हणणारा मालक तुम्हाला बांधून ठेवतोय. रस्त्यावर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधलं लायसन्स चालतं, तरी मूळ कार्ड तुमचंच. कोऱ्या कागदावर सही किंवा कोरा चेक तर अजिबात नाही.

४. पहिली गाडी कोणती, ते ठरवा

इथे माझं मत ठाम आहे. पहिलं वर्ष सहाचाकी किंवा दहाचाकीवर, ठरलेल्या दोन-तीन मार्गांवर काढा. एमआयडीसी ते गोडाऊन, गोडाऊन ते मार्केट यार्ड. पगार कमी दिसेल, पण रोज चार वेळा रिव्हर्स मारायला मिळेल आणि चूक झाली तर मालक तासाभरात पोहोचेल.

टिपर किंवा हायवाचा, म्हणजे माती-खडी ओतणाऱ्या गाड्यांचा मोह टाळा. तिथे खेपेवर पैसे मिळतात. खेप वाढवायची म्हणजे पळवायची, आणि नवा माणूस पळवायला लागला की गाडी कलंडते. कंटेनर ट्रेलरवर चांगले पैसे आहेत, पण न्हावा शेवा बंदराच्या रांगेत उभं राहायचा धीर आणि उलट्या स्टिअरिंगने मागे घ्यायचा सराव, दोन्ही लागतात. टँकरचं वर सांगितलंच. ऊस वाहतूक हंगामी असते, त्यामुळे उन्हाळ्यात पुन्हा काम शोधावं लागतं. लांब पल्ल्याच्या लाइनवर जायचंच असेल तर सुरुवात दुसरा ड्रायव्हर म्हणून करा.

५. विचारायचं कुठे

सगळ्यात खात्रीचा दरवाजा ओळखीच्या ड्रायव्हरचा. कुठल्या मालकाची गाडी ड्रायव्हरअभावी उभी आहे, हे त्याला जाहिरात निघण्याआधी कळतं.

ओळख नसेल तर जिथे गाड्या थांबतात तिथे जा: निगडीचं ट्रान्सपोर्टनगर, कळंबोलीचं स्टील मार्केट, भिवंडीची गोडाऊनं, वाशीचं मार्केट यार्ड, चाकण, वाळूज, बुटीबोरी. सकाळी लोडिंगची धांदल असते, तेव्हा कुणी धड बोलत नाही. दुपारी जा. फाइल हातात असू द्या आणि पहिल्याच वाक्यात तीन गोष्टी सांगा: लायसन्स कोणतं, कोणती गाडी किती दिवस चालवली, कधीपासून येऊ शकता. "काहीही चालवतो, कुठेही जातो" हे वाक्य ऐकलं की मालकाला कळतं, याने काहीच धड चालवलेलं नाही.

दिवाळी आणि होळीच्या सुमारास बरेच ड्रायव्हर गावी जातात आणि गाड्या उभ्या राहतात. नव्या माणसाला ट्रायल मिळायची ती सगळ्यात सोपी वेळ. छठपूजा संपून लोक परतले की तीच दारं पुन्हा बंद.

दोन-पाच गाड्यांचा मालक की मोठी कंपनी? लहान मालक नव्याला लवकर घेतो, पण हिशोब तोंडी ठेवतो. कंपनीत भविष्य निर्वाह निधी, नेमणूकपत्र, ठरलेल्या रजा असतात, पण अनुभव मागतात. म्हणून बहुतेकांचा रस्ता पहिला लहान मालक, मग कंपनी असाच जातो.

*थांबा:* नोकरी लावण्यासाठी आधी पैसे मागणारा, म्हणजे नोंदणी, युनिफॉर्म किंवा मेडिकलच्या नावाने मोबाइलवर रक्कम मागवणारा, ड्रायव्हर शोधत नसतो. परदेशी ट्रक ड्रायव्हरच्या जाहिरातींत तर जास्तच जपा. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते स्वतः पाहा. नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. टुरिस्ट व्हिसावर पाठवून "तिकडे गेल्यावर बदलून देतो" म्हणाला की उठून बाहेर पडा.

६. ट्रायल

ट्रायलला वेग कुणी बघत नाही. मी बघायचो ते तुम्ही गाडीत बसण्याआधीचं. माणूस सरळ केबिनमध्ये चढला की अर्धे गुण गेले.

क्रम असा ठेवा. गाडीला एक फेरी मारा: टायर, व्हील नट, खाली तेल किंवा डिझेल गळतंय का, लाइट, मागची फळी. मग चढा, सीट आणि आरसे लावा. इंजिन चालू करून हवेचा दाब भरेपर्यंत थांबा. ब्रेक दाबून धरा आणि कुठे फुस्स आवाज येतो का ऐका. मगच हँडब्रेक सोडा.

त्या मॉडेलचे गिअर माहीत नसतील तर विचारा. काही गाड्यांना हाय-लोचं बटण असतं. ते न कळता "येतं मला" म्हणून गिअर कुरकुरवणाऱ्यापेक्षा "ही चालवलेली नाही, एकदा दाखवा" म्हणणारा मला कायम बरा वाटला.

रिव्हर्सला शंका आली की उतरून बघा. त्यात कमीपणा नाही. मागे माणूस उभा केला असेल तर तो तुमच्या बाजूच्या आरशात दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की गाडी थांबवायची.

घाट उतरायला लावला तर वरच गिअर कमी करा. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारा ट्रायलमध्येच बाद होतो. आणि व्हायलाच हवा.

७. बोली: पगाराआधी हिशोब

ट्रायल जमली की मालक एक आकडा सांगतो आणि नवा माणूस मान डोलावतो. चूक इथे होते. त्या आकड्याआड काय काय कापलं जाणार, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. विचारायचं ते असं:

– पगार महिन्याचा, ट्रिपचा की किलोमीटरचा? गाडी दुरुस्तीला किंवा मालाअभावी उभी राहिली तर त्या दिवसांचं काय?
– रोजचा भत्ता किती, आणि लोडिंगच्या रांगेत थांबलो तर चालू राहतो का?
– हमाली, वराई (माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे), पंक्चर, पार्किंग यांची खर्ची आधी मिळणार की पावती दिल्यावर?
– चलन आलं तर कुणाचं? साधारण रीत अशी: सिग्नल आणि वेगाचं ड्रायव्हरचं, कागदपत्रांचं आणि ओव्हरलोडचं मालकाचं. पण हे बोलून घ्यावं लागतं.
– माल कमी भरला किंवा भिजला तर?
– क्लिनर मिळणार का, आणि त्याचे पैसे कोण देणार?

आता डिझेल. सगळ्यात जास्त भांडणं यावर होतात. समजा मालक म्हणाला, गाडी साडेचारचं अॅव्हरेज देते. ६३० किलोमीटरच्या ट्रिपला त्याच्या हिशोबाने १४० लिटर. गाडी प्रत्यक्षात ४.२ देत असेल तर १५० लिटर जातात आणि वरचे १० लिटर तुमच्या पगारातून वजा होतात. महिन्यात अशा आठ ट्रिपा झाल्या तर ८० लिटर. म्हणून पहिल्या ट्रिपला टाकी काठोकाठ भरून निघा, परत आल्यावर पुन्हा काठोकाठ भरा, आणि भरलेली आणि रिकामी अशा दोन्ही फेऱ्यांचं खरं अॅव्हरेज मालकासमोर काढा. त्या आकड्यावर बोली करा. याला तयार नसणाऱ्या मालकाला गाडीचं खरं अॅव्हरेज बहुधा ठाऊक असतं.

उचल शेवटी. अटी ठरण्याआधी दहा हजार खिशात घातले की पुढे तोंड उघडता येत नाही. लागलीच तर थोडी घ्या, आणि दर महिन्याला किती कापायची तेही ठरवा.

*तपासा:* ठरलेलं सगळं मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा: "शेठ, आपलं असं ठरलं, बरोबर ना?" त्याचं "हो" आलं की ती तुमची पावती. कंपनी असेल तर नेमणूकपत्र मागा.

८. किल्ली घेण्याआधी

मालक तुमची चौकशी करतो, तशी तुम्ही गाडीची करा. एम-परिवहनवर नंबर टाकला की विमा, फिटनेस, पीयूसीच्या तारखा दिसतात. थकलेली ई-चलनंही पाहून घ्या. रस्त्यावर गाडी अडवली तर मालक फोनवर असतो, समोर तुम्हीच असता.

मग फोटो: चारही बाजू, प्रत्येक टायर, स्टेपनी, जॅक, बॅटरी, ताडपत्री, केबिन, आणि किलोमीटरचा आकडा. मालकाला लगेच पाठवा. जुना ओरखडा तुमच्या नावावर पडत नाही. बीएस-६ गाडी असेल तर युरियाच्या टाकीची पातळी पाहा. ती रिकामी झाली की गाडी जोर सोडते.

माल भरल्यावर काटा करा आणि आरसीवरच्या वजनाशी ताडून बघा. २०१८ च्या सुधारित मर्यादेनुसार दोन एक्सलच्या ट्रकचं एकूण वजन १८.५ टन आणि तीन एक्सलच्याचं २८.५ टन आहे, पण जुन्या गाडीच्या आरसीवर कमी असू शकतं. तुम्हाला आरसीच लागू. ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० दंड आहे. ३ टन जास्त म्हणजे २६,०००, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायचा.

कागद वाचल्याशिवाय गेट सोडू नका. बिल्टीवरचे (ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीवरचे) नग मोजलेल्या नगांशी जुळतात का, कंटेनरचा सील नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो का, ई-वे बिलात (माल नेण्यासाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात) तुमच्याच गाडीचा नंबर आहे का. दुसऱ्या गाडीचं बिल घेऊन निघालेले मी पाहिलेत, आणि चेकपोस्टवर दोन दिवस उभे राहिलेलेही. ई-वे बिल साधारण दर २०० किलोमीटरला १ दिवस चालतं. गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतर ८ तासांच्या आत वाढवता येते. म्हणून अडकलात की ऑफिसला लगेच फोन करा.

९. पहिला महिना

खिशात एक वही ठेवा. तारीख, निघालेली वेळ, किलोमीटर, डिझेल, खर्ची, गोडाऊनला पोहोचलेली वेळ, माल उतरलेली वेळ. पोच घेताना सही-शिक्क्याबरोबर तारीख आणि वेळही लिहून घ्या. थांबल्याचे पैसे त्यावरच मिळतात. पोचपावती हरवली तर मालकाचं भाडं अडकतं, आणि मग तुमचाही पगार. मिळाल्या मिळाल्या फोटो काढून पाठवा.

हिशोब दर ट्रिपला मिटवा. महिनाअखेरीस वीस पावत्यांचा ढीग घेऊन बसलात तर अर्ध्या पावत्या तुम्हालाच आठवणार नाहीत.

झोप आली की गाडी बाजूला घ्या, मालकाचा फोन वाजत असला तरी. कायद्याने दिवसाचे ८ तास आहेत. लाइनवर ते पाळले जात नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. निदान चार-साडेचार तासांनी अर्धा तास उतरा, आणि पहाटे दोन ते पाच शक्यतो चालवू नका. उशीर होणार असेल तर आधी कळवा. सांगून झालेला उशीर बहुतेक मालक सोसतात.

अपघात झालाच तर जखमीला मदत मिळवून द्या आणि पोलिसांना कळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये ही ड्रायव्हरची जबाबदारी आहे. जमाव अंगावर येत असेल तर जवळचं पोलीस ठाणं गाठा, घर नव्हे.

आणि जमलं नाही तर? गाडी रस्त्यात किंवा पंपावर सोडून निघून जाऊ नका. या धंद्यात मालक एकमेकांना फोन करतात, आणि पुढची दोन-तीन दारं तुमच्याआधीच बंद होतात. गाडी ठिकाणावर आणा, पहिल्या दिवशी काढले तेच फोटो पुन्हा काढा, वही समोर ठेवून हिशोब मिटवा, उचल वळती करा आणि त्याच बैठकीत अनुभवाचं पत्र लिहून घ्या. नंतर पाठवतो म्हणाले तर बसून राहा. दोनच ओळी असतात: अमुक गाडी, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत.